द्वादशीचे पाहुणे

"आज तिथी कोणती?"

पनवेलला मी घरमालक काकांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, तेव्हा माझा दिवस या प्रश्नाने सुरू व्हायचा. दार उघडावं तर समोर काका उभे. गळ्यात दुर्बीण, एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात भिंतीवरचं कॅलेंडर, खिळ्यासकट उपटून आणलेलं. तिथी त्यांना पाठ असायची. मला येते का, एवढंच बघायचं असायचं.

यावरून आळीतल्या बायकांचा समज झाला होता की काका फार धार्मिक आहेत. संकष्टीला कोणीतरी जिन्याखालून विचारी, "काका, चंद्रोदय किती वाजता हो?"

"चंद्राचं तुम्ही बघा. पाणी साडेतीनला चढेल."

त्या बिचाऱ्या मान हलवून जायच्या. देवळाची पायरी चढलेले काका मी कधीच पाहिले नाहीत. त्यांना तिथी हवी असे ती भरती-ओहोटीसाठी. तिथीची पाऊणपट करायची, येईल तितके वाजता भरती. पनवेलच्या खाडीत पाणी आत शिरायला वेळ लागतो, म्हणून वर थोडं धरायचं. किनाऱ्यावर हा हिशोब सगळ्यांना माहीत असतो. मी पोलादपूरच्या बाजूची, डोंगरातली. बी.कॉम. झाले होते, पण हे मला कोणी शिकवलं नव्हतं. घरात कॅलेंडर सापडलं नाही तर काका खालच्या बेकरीवाल्या चाचांना हाक मारत. "चाचा, चाँद कितवा?"

"ग्यारवा, काका. क्यूं, आज फिर चिखल में?"

"अकरा म्हणजे आपली द्वादशी धरू."

"धरो, धरो. चाँद एकच हाय, तुमचा आणि आमचा."

काका आयुष्यभर एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारायचं काम. मी त्यांच्याकडे आले तेव्हा ते निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण आवाज स्टँडवरच राहिला होता. जेवायला बोलवायचं तरी "जेवण लागलेलं आहे, प्रवाशांनी लक्ष द्यावं" अशा सुरात. बायको फार लवकर गेलेली, मूलबाळ नाही. बसलेला माणूस त्यांना बघवायचा नाही. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. फक्त दाढी बसून करत, तीही खिडकीत, म्हणजे बाहेरचं सुटायला नको. अर्धा साबण गालावर ठेवून जिना उतरून पळालेले मी त्यांना दोनदा तरी पाहिलंय.

रायगडच्या किनाऱ्यावर नेहमी न दिसणारे पक्षी आणि त्यांच्या यायच्या वेळा, हा त्यांचा ध्यास. तोही त्यांनी एस.टी.च्या भाषेतच मांडून ठेवला होता. "नवरंग. मे अखेर, कर्नाळा. आधी शिटी ऐकू येते, गाडी मागून. तिबोटी खंड्या. पाऊस लागला की कर्नाळ्याच्या ओढ्यापाशी. रंग सगळे घेऊन येतो, थांबतो मात्र मिनिटभर. रोहित. थंडीत येतात, घोळक्याने, लग्नाचं वऱ्हाड. त्यांच्यासाठी दुर्बीण नको, माणूस हवा, दाखवायला. आणि अमूर ससाणा, नोव्हेंबर अखेर. विनाथांबा! पनवेलला स्टॉप नाही. वरून जातो. मान वर ठेवायची, नाहीतर गेली."

ही विनाथांबा गाडी त्यांना एकदा पुतण्याच्या लग्नात भेटली. मंडपाच्या कडेला उभे होते, हातात अक्षता. 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या. सगळ्यांची नजर नवरा-नवरीवर, यांची अक्षतांच्या मागोमाग वर. तिथून ते जे निघाले ते थेट मैदानाच्या टोकाला. उरलेल्या मंगलाष्टकांच्या अक्षता त्यांच्या मुठीतच राहिल्या. वहिनी पुढे कितीतरी महिने त्यांच्याशी बोलत नव्हत्या. "मला वाईट वाटतं ना," ते मला म्हणाले. "पण लग्न काय, अजून लागतील घरात."

थंडीतल्या सगळ्या पक्ष्यांना ते 'पाहुणे' म्हणत. पाहुणे आले, पाहुणे उशिरा धावतायत, यंदा पाहुण्यांनी दगा दिला. मला त्या शब्दाची सवय झाली. ती जगात सगळ्यांना नसते, हे माझ्याही लक्षात राहिलं नाही.

मला खोली कशी मिळाली ते सांगायला हवं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ऑफिसात मला बिलिंगची नोकरी लागली होती. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. वडील गावात पिठाची गिरणी चालवत. त्यांनी "जा" म्हटलं होतं, पण कसं म्हटलं होतं ते मला माहीत होतं. चांगलं स्थळ येईपर्यंत. पनवेलमध्ये एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. नवरा कुठे असतो, भाऊ येणार का, परत किती वाजता येता. काकांनी यातलं काही विचारलं नाही. मला सरळ गॅलरीत नेलं. तिथून स्टँडकडे वळणारा रस्ता दिसतो.

"ती गाडी कुठली?"

"महाड."

"तिच्या मागची?"

धुळीत पाटी होती, अक्षरं नव्हती. मी डोळे बारीक केले. "दिसत नाही."

"अंदाज सांग."

"अंदाजाने कशाला सांगू? दिसत नाही."

त्यांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. "सामान कधी आणतेस?"

माझ्याआधी बँकेतला एक मुलगा खोली बघून गेला होता, हे मला चाचांकडून कळलं. त्याने सगळ्या पाट्या धडाधड वाचल्या. ज्या गाडीला पाटीच नव्हती तिचीसुद्धा. त्याला खोली मिळाली नाही. मला मात्र हक्काचं छप्पर मिळालं, ते 'दिसत नाही' या दोन शब्दांवर. कॉलेजात कुठलंही उत्तर इतकं माझ्या उपयोगी पडलेलं नाही.

काकांच्या या हट्टाचं कारण होतं कालवफोड्या.

कालवफोड्या हा कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेली शिंपली, फोडून खाणारा पक्षी. कोळशासारखी पाठ, पांढरं पोट आणि लांब, सरळ, लालभडक चोच, जणू कोणी गाजर लावून दिलंय. थंडीत तो खाली दक्षिणेकडे, खडकाळ किनाऱ्यांवर कधीमधी दिसतो. पनवेलच्या खाडीत कोणी पाहिलेला नव्हता. काकांनी पाहिला. निवृत्तीच्या आधीच्या थंडीत, मिठागरामागच्या चिखलात, एकट्याने. फोटो नाही, सोबत कोणी नाही. मुंबईहून कॅमेरे घेऊन येणाऱ्या दोन तरुणांना त्यांनी मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते सभ्य होते. हसले नाहीत. एक म्हणाला, "काका, टिटवी असेल. तिलाही काळं-पांढरं असतं, चोचही लालसर असते. आणि एकट्याने पाहिलेलं तसं धरत नाहीत."

हे त्यांनी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर रागारागाने सांगितलं आणि स्वतःचं नुकसान करून घेतलं. त्या दिवसापासून कंडक्टर-ड्रायव्हर त्यांना टिटवीकाका म्हणू लागले. रस्त्याने जाताना एखादी गाडी हॉर्न वाजवून पुढे जाई आणि खिडकीतून आवाज येई, "टिटिवटिव!" काका बघत नसत. पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडायचं.

"टिटवी!" ते मला म्हणायचे. "चाळीस पावलांवरून गाडीची पाटी वाचणारा माणूस मी. मला टिटवी कळत नाही?" मग येरझारा घालत घालत, "पण त्यांचं बरोबर आहे. एकाने पाहिलेलं म्हणजे नुसतं सांगणं. दुसरे डोळे पाहिजेत."

दुसऱ्या डोळ्यांची घाई दोन कारणांनी होती. एक, त्या चिखलात भराव सुरू झाला होता. हायवेच्या बाजूने डंपर येत, लाल मुरूम ओतत आणि परत जात. त्या थंडीनंतर तिथे चिखल राहणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. आज तिथे रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी दिवे. दुसरं कारण काका कबूल करत नसत. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि डावाही गढूळ व्हायला लागला होता. "ऑपरेशन करा ना," मी म्हणायची.

"केलं की पट्टी बांधून बसवतात. थंडी संपू दे."

त्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते चिखलातून परत आले ते जिना दोन दोन पायऱ्यांनी चढतच. मी ऑफिसला निघून गेले होते. घरात फोन वाजत होता. पुढचं संभाषण मी नंतर दोन्ही बाजूंकडून ऐकून जुळवलं आहे.

"हॅलो, साहेब, पोर हाय का घरात?" वडील.

"ऑफिसला गेली. पण बरं झालं फोन केलात. पाहुणे आलेत!"

"आं? कुठले?"

"लांबचे. उत्तरेकडचे."

"आपल्यातलेच ना?"

"आपल्यातले कसले, परदेशातले! थंडीत येतात. या खेपेला एकटाच आलाय."

"दुबईला असतो काय?"

"त्याच्याही पलीकडे."

"मग पोरीनं बघितलं?"

"अजून कुठलं? द्वादशीला सकाळी घेऊन जातो. द्वादशीची वेळ चांगली आहे. तिने एकदा नीट पाहिलं आणि हो म्हणाली, की माझा घोर मिटला बघा."

"साहेब, तुमचे लई उपकार. मंग आमाला पन यायला पायजे."

"या की! जितके डोळे तितकं बरं."

एकादशीच्या संध्याकाळी आई-वडील पनवेलला उतरले. गिरणीत कायम पिठाने पांढरे असणारे वडील त्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात पांढरे होते. आईच्या पिशवीत माझ्यासाठी ठेवणीतली साडी आणि डब्यात रव्याचे लाडू. काका त्यांना आणायला स्वतः स्टँडवर गेले. गाडी किती मिनिटं उशिरा येणार तेही त्यांनी घरातूनच सांगितलं होतं. येताना वाटेत वडिलांनी अदबीने विचारलं, "पाव्हणे उतरलेत कुठं?"

"मिठागराच्या मागे, चिखलात."

वडिलांना वाटलं, तिकडे बंगला असेल.

"आनि खायाप्यायाचं?"

"कालवं. फोडून खातो."

"म्हंजे खानारे हाईत," वडील आईला हळूच म्हणाले. त्यांना बरंच वाटलं. शाकाहारी स्थळ असतं तर पंचाईत होती.

मी ऑफिसातून आले तर वडील खुर्चीच्या टोकावर बसलेले आणि आईने साडी मांडीवर उलगडलेली. "हीच नेस उद्या," आई म्हणाली. "द्वादशीला पाव्हणे बघायला नेनार हाईत ना."

मी साडीकडे बघितलं. मग उजेड पडला आणि मी इतकी हसले की मला भिंतीला धरावं लागलं. हसता हसता सांगितलं. पाहुणे म्हणजे पक्षी. एक पक्षी. काळा-पांढरा.

वडील हसले नाहीत.

"पाखरू?"

"हो बाबा."

ते उठून गॅलरीत गेले. आईने साडीची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. तिच्याकडून कळलं की गिरणीवर दळण घेऊन आलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं होतं. पोरीला परदेशातलं स्थळ आलंय. घरमालक स्वतः मध्ये आहे.

"उद्या पयल्या गाडीनं चल," ते पाठमोरेच म्हणाले.

"माझी नोकरी आहे बाबा."

"मानूस आनि पाखरू यातला फरक ज्याला कळत नाय, त्याच्या घरात ठेवू तुला? गावात त्वांड काय दाखवू ते मी बघीन. तू सामान बांध."

खालून काकांचा आवाज येत होता. चाचांना सांगत होते, "उद्या, चाचा! चार जोड्या डोळे!" त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी बॅग काढली. दोन कपडे टाकले, एक बाहेर काढला. आपल्याला पदवीपर्यंत शिकवणारा एक माणूस गॅलरीत पाठ करून उभा आहे आणि घर देणारा दुसरा खाली चिखलाचे बूट घासून ठेवतो आहे. दोघांचंही देणं होतं माझ्यावर, आणि सकाळी मी एकाच बरोबर जाऊ शकणार होते.

उजाडलं तसा जिन्यातून पुकारा झाला. "द्वादशी फलाटावर लागलेली आहे!" काका वर आले आणि वडिलांच्या पायाशी बॅग बघून थबकले. "अहो, चिखलात एवढं सामान?"

वडिलांनी रात्रभर वाक्य जुळवून ठेवलं असणार. पण समोरचा म्हातारा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, त्यांच्यासाठी दुसरी टोपी हातात घेऊन उभा होता. "महाडकडं गाडी कवाची हाय?" एवढंच वडिलांनी विचारलं.

"पहिली गेली. आता साडेदहाची. तोवर पाणी चढून उतरायला लागतं."

आठची एक गाडी असते. त्या दिवशीही होती. काकांनी ती पुकारली नाही.

मिठागरांच्या बांधावरून आम्ही चौघं निघालो. पुढे काका, जवळजवळ पळत. त्यांच्या मागे मी, मग पदर खोचलेली आई, आणि शेवटी इस्त्रीचा शर्ट व टोपी घातलेले वडील, हातात लाडवांचा डबा. बॅग चाचांकडे ठेवली होती, डबा ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं. डाव्या हाताला डंपरची रांग. उजवीकडे चिखल आणि त्यावर चढत येणारं पाणी. पाणी जसं पुढे येई तसे पक्षी मागे, आमच्या बाजूला सरकत. बारके तुतारी हजारांनी, वर वळलेल्या चोचीचे उचाट, लांब वाकड्या चोचीचे कोरल. आई तोंडाला पदर लावून बघत राहिली.

काकांनी गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. एवढ्या दिवसांत ती त्यांनी कोणाला दिली नव्हती.

"मला उन्हात नुसतं चकाकतंय," ते हळूच म्हणाले. "तू बघ. पाण्याच्या कडेने जा, उजवीकडून."

मी गेले. कडेकडेने. डंपरचा आवाज, वारा. आणि मग तो होता. किंवा काहीतरी होतं. काळी पाठ, पांढरं पोट, आजूबाजूच्यांपेक्षा थोराड, पाण्यात उभं. मान मागे वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. झोपला होता.

"आहे?" काकांचा आवाज.

"काळं-पांढरं आहे. चोच पिसांत आहे."

"थांब. उठेल. उठेलच." ते एका जागी उभे राहू शकत नव्हते. पाय उचलत होते, ठेवत होते.

तो उठला नाही. मागे एक डंपर उलटा झाला आणि मुरूम घसरल्याचा मोठा आवाज झाला. सगळा चिखल एकदम हवेत उडाला. पंखांचं वादळ, काळं, पांढरं, पुन्हा काळं. मी दुर्बीण फिरवत राहिले. मग खाडीपलीकडे ठिपके, मग तेही नाहीत.

"दिसली चोच?"

काका माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने. हो म्हटलं असतं तर झालं असतं. टपरी, हॉर्न, ते दोन तरुण, सगळ्याचं उत्तर एका शब्दात मिळालं असतं आणि ते मीच द्यायचं होतं. माझ्या मागून वडील अगदी हळू म्हणाले, "हो म्हन गं. म्हातारा मानूस हाय."

"काळं-पांढरं दिसलं," मी म्हणाले. "टिटवीपेक्षा मोठं वाटलं. चोच दिसली नाही, काका."

"पाय?"

"पाण्यात होते."

वडिलांनाच राहवलं नाही. "साहेब, टिटवी असती तर बोंबलत उडाली नसती का? ती कवा गप ऱ्हाते?"

"ओरडली नाही म्हणून टिटवी नाही, असं धरता येत नाही," काका म्हणाले. आवाज स्टँडवरचा नव्हता. त्यांनी दुर्बीण परत घेतली, शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या, गळ्यात घातली. पुसायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला. मग ते वडिलांकडे वळले आणि मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी जोडावेत तसे त्यांनी हात जोडले.

"मुलगी पसंत आहे."

या वाक्याला काय उत्तर द्यायचं, ते वडिलांनी पोलादपूरपासून पनवेलपर्यंत घोकलं असणार. ते खाकरले. टोपी सारखी केली. "मंग त्वांड ग्वाड करा," म्हणाले आणि डब्याचं झाकण उघडलं.

काकांनी लाडू घेतला. उभ्यानेच खाल्ला, पाण्याकडे तोंड करून. अर्धा तोंडात असतानाच त्यांनी मला विचारलं, "पुढची द्वादशी?"

"वद्य. नऊला भरती, वर थोडं."

"तोवर भराव कुठवर येईल कोण जाणे." मग वडिलांना, "तुम्ही थांबाल तोपर्यंत? तेवढेच डोळे."

वडिलांनी डंपरच्या रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आईने डब्याला झाकण लावलं.

"आमाला कसं जमंल, साहेब, गिरनी बंद हाय," ते म्हणाले. "पोर हाय ना हितं. ती बगंल. आनि नाय दिसलं तर नाय दिसलं म्हनंल."